जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार

जीर्ण झालेल्या मूर्तीचे काय करावे, पडक्या देवळाची बांधणी केव्हा आणि कशी काढावी, फाटके वस्त्र कोणत्या कार्यास चालावे, याविषयी आपल्या पूर्वजांनी पुष्कळ विचार करून ठेवला आहे. मोटारीविषयी तसा विचार व्हावा इतकी ती आपल्याकडे आताआताच जुनी होऊ लागली आहे. तथापि तिचा आणि आपल्या धर्माचाराचा संबंध दूरचा नाही. खंडेनवमीस शस्त्रे व हत्यारे पुजली जातात, दसऱ्यास दारातली मोटार धुऊन तिला झेंडूची माळ चढते, बॉनेटवर कुंकवाचे बोट उमटते, चाकाखाली लिंबू चिरडले जाते. ज्या वस्तूस आपण वर्षातून एकदा हात जोडतो, तिच्याशी उरलेले दिवस कसे वागावे, हा प्रश्न म्हणूनच आम्हांस उपेक्षणीय वाटत नाही.

येथे आम्ही इंजिन उघडण्याच्या मोठ्या कामाविषयी बोलत नाही. बोलावयाचे आहे ते बारीकसारीक रूपसुधारणेविषयी: बंपरला नवा मुलामा, दाराला आलेला पोचा काढणे, काचेभोवतीचे तडकलेले रबर बदलणे, फाटलेल्या रेक्झिनच्या जागी नवे बसवणे, छताच्या आतले काळवंडलेले कापड उतरवणे, आणि सरतेशेवटी सर्वांगास रंग. काम लहान दिसते. परंतु ते करावयास निघालेल्या गृहस्थाला घरातूनच विरोध होतो, आणि तोही दोन उलट दिशांनी. एक जण म्हणतो, मोटार चालते ना, ब्रेक लागतो ना, मग पत्र्याच्या चकाकीवर दोन महिन्यांचा पगार का उधळावा? म्हातारीला शालू नेसवण्यातला हा प्रकार. दुसरा म्हणतो, तिच्या अंगावरची एक रेघही पुसू नका. रंग उडाला असेल तर तो उडालेलाच शोभतो. नवे रूप दिलेत की ती ती राहणार नाही. पहिल्याच्या मते बाह्यरूप कवडीमोल आहे, दुसऱ्याच्या मते बाह्यरूप हेच सर्वस्व आहे. दोघेही एक गोष्ट मात्र गृहीत धरतात, ती ही की बाह्य आणि आंतर अशी दोन निराळी दालने त्या मोटारीत आहेत. आमचा विचार या गृहीतापाशीच अडतो.

आपल्या वाचकांच्या घरी जी जुनी मोटार सापडण्याचा संभव अधिक, तिचेच उदाहरण घेऊ. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडू लागली. तिच्या पहिल्या गोलसर नाकाच्या रूपास लोकांनी प्रेमाने 'डुक्कर फियाट' म्हटले. पुढे १९६४ पासून अकराशे डिलाइट आली, आणि तीच किरकोळ फेरफारांसह १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' झाली. इंजिन १०८९ घनसेंटीमीटरचे, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या मानेला. तिची प्रतिस्पर्धी अँबेसेडर १९५७ च्या सुमारास निघाली ती बंगालमधील उत्तरपाडा येथे २०१४ पर्यंत निघत राहिली. बेळगाव काय, बडोदे काय, इंदूर काय, डॉक्टरांच्या, वकिलांच्या आणि पेढीवाल्यांच्या दारात या दोहोंपैकी एक उभी असे. लग्नात वरात तीतूनच निघे, आणि कुलदेवतेच्या दर्शनाला गोव्यात येताना मागच्या आसनावर पाच माणसे व एक पाण्याचा फिरकीचा तांब्या तीतच बसे.

या दोन्ही मोटारींत एक रचनाविशेष सामाईक आहे, आणि आमच्या विषयाचे मर्म त्यात आहे. ट्रक किंवा जीप यांना खाली लोखंडी तुळयांचा सांगाडा असतो व वर शरीर ठेवलेले असते; शरीर सडले तरी सांगाडा उभा राहतो. फियाट अकराशे आणि अँबेसेडर यांना असा वेगळा सांगाडा नाही. वाकवून, दुमडून, एकमेकांस सांधलेला पत्रा हाच त्यांचा सांगाडा. दाराखालची जी लांब पोकळ पट्टी आपण पाय ठेवून ओलांडतो, ती शोभेची नाही. मोटारीचा पुढचा व मागचा भाग एकमेकांस धरून ठेवणाऱ्या मुख्य आधारांपैकी ती एक आहे. तिला गंज लागला तर दारे नीट मिटेनाशी होतात, आणि तो फार वाढला तर धडक बसताच मोटार कागदासारखी चुरगळते. अशा वस्तूत कातडीच हाड असते.

कठोपनिषदाने शरीरास रथ आणि आत्म्यास रथी कल्पिले, तेव्हापासून आपल्या मनावर रथाचे महत्त्व कमी असल्याचा संस्कार झाला आहे. रूपक आत्मविचाराकरिता होते आणि तेथे ते यथार्थच आहे. परंतु आपण ते सोयीनुसार खाली ओढतो. घराचा गिलावा, भांड्याची कल्हई, मोटारीचा रंग, सारे 'वरवरचे', म्हणून तुच्छ. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात आंबट आमटी ठेवून पाहिलेल्या गृहिणीला वरवरच्या थराची योग्यता सांगावी लागत नाही.

लोखंडाचा तर सारा संसारच वरच्या थरावर चालतो. गंज चढावयास पाणी लागते आणि हवा लागते. मीठ मिळाले तर त्याची गती वाढते. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि समुद्राचा खारा वारा घराघरांत शिरतो, म्हणजे लोखंडाच्या नाशास लागणारे सर्व साहित्य तेथे सिद्धच आहे. इंदूर-ग्वाल्हेरच्या कोरड्या हवेत जी मोटार वर्षानुवर्षे धडधाकट राहते, तीच कोकणपट्टीत लवकर खंगते. गंजाने लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापली जाते. म्हणून तो रंगाला आतून ढकलतो व वर बारीक फोड दिसू लागतात. तो फोड म्हणजे रोगाचा आरंभ नव्हे, तो बराच मुरल्याची वार्ता आहे. दारांच्या तळाशी पाणी निथळण्यासाठी कारखान्याने भोके ठेवलेली असतात. ती पालापाचोळ्याने आणि धुळीने बुजतात, पाणी आत तुंबते, आणि दार आतून बाहेर असे कुजत जाते. गंमत अशी, की घाईने रंगकाम करणारे कारागीर पुष्कळदा हीच भोके रंगाने व पुट्टीने लिंपून टाकतात. मोटार चकाकू लागते आणि त्याच दिवसापासून अधिक वेगाने कुजू लागते.

अशी एक चकाकणारी मोटार आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी घेतली. निवृत्त शिक्षक; आयुष्यभर बसने फिरले; वडिलांच्या काळातली पद्मिनी घ्यावी, पत्नीला घेऊन देवदर्शने करावीत, एवढीच हौस. विकणाऱ्याने नुकताच रंग काढलेला होता, आसनेही नवी होती. पहिला पावसाळा बरा गेला. दुसऱ्या पावसाळ्यात पायाखालचे रबर ओले लागू लागले. ते उचलून पाहतात तो खालचा पत्रा जागोजाग नव्हताच. जाळीवर व चिंध्यांवर पुट्टी थापून, घासून, वर काळा लेप दिलेला. चाकाच्या कमानीचीही तीच कथा. ते विकणाऱ्याकडे गेले तेव्हा त्याने शांतपणे सांगितले, "मास्तर, मी तुम्हांला खोटे एक तरी अक्षर बोललो का? तुम्ही रंग विचारलात, मी रंग नवा म्हटले. आसने नवी म्हटले, ती नवीच आहेत. खालचा पत्रा तुम्ही विचारलाच नाही."

हे उत्तर आम्ही अनेकांस सांगून पाहिले. व्यवहारी माणसे हसतात आणि म्हणतात, बाजारात डोळे उघडे ठेवावेत. आम्हांस तसे म्हणवत नाही. महाभारतात युधिष्ठिराचा रथ त्याच्या सत्यनिष्ठेमुळे भूमीपासून चार अंगुळे वर चाले, असे सांगितले आहे. द्रोणाचार्यांस अश्वत्थामा मेल्याचे सांगताना त्याने हत्तीविषयीचे शब्द पुटपुटले. अक्षरशः पाहिले तर त्याचे वाक्य खोटे नव्हते. अश्वत्थामा नावाचा हत्ती खरोखरच मेला होता. परंतु द्रोणांनी काय समजावे हे ठरवूनच ते वाक्य बोलले गेले, आणि तो रथ त्या क्षणी जमिनीला टेकला. व्यासांनी येथे न्यायनिवाडा करावयास एखादा ऋषी आणला नाही, रथाकडूनच तो करविला. सत्य शब्दांत असते तसे समोरच्याच्या मनात जे आपण जाणून उभे करतो त्यातही असते. ताजा रंग हे एक विधान आहे. 'खालचा पत्रा धड आहे' असे ते तोंड न उघडता बोलते. रंगाला ते बोलू द्यावयाचे आणि स्वतः गप्प बसावयाचे, यात जीभ तेवढी स्वच्छ राहते.

कोणी म्हणेल, मग पुट्टी हीच पापाची वस्तू ठरली. तसे नाही. हातोडीने कितीही कुशलतेने पत्रा सरळ केला तरी त्यावर हलक्या लाटा राहतात. त्या भरण्यास पातळ पुट्टी लागतेच. कसबी कारागीर आधी गंजलेला भाग कापून काढतो, धड पत्र्याचे ठिगळ सांधतो, आतल्या पोकळीत गंजरोधक सोडतो, मग प्रायमर, मग पुसटशी पुट्टी, मग पाण्याचा पॉलिशपेपर, आणि मग रंग. लबाड कारागीर शेवटच्या तीन गोष्टी करतो. दोघांच्या मोटारी दारात शेजारी उभ्या केल्या तर तुम्हांआम्हांस भेद दिसणार नाही. चुंबकाला मात्र तो कळतो. पातळ कापडात गुंडाळलेले साधे चुंबक पत्र्यावरून फिरवावे. जेथे ते धरत नाही तेथे लोखंडावर जाड लेप आहे, किंवा लोखंडच नाही. जुनी मोटार घेऊ पाहणाऱ्याने पंचांग पाहावे, मुहूर्त पाहावा, पण खिशात चुंबकही ठेवावे, असे आम्ही सुचवतो.

ही झाली विकणाऱ्याची गोष्ट. परंतु ज्याला मोटार विकावयाची नाही, स्वतःच्याच दारात ठेवावयाची आहे, त्याच्या हौसेस काय म्हणावे? येथे आम्ही हौसेच्या बाजूचे आहोत. रंग हे लोखंडाचे चिलखत आहे हे वर आलेच. बंपरचा मुलामाही दिसतो तितका केवळ दिखाऊ नसतो. त्यात चांदीसारखे चमकते ते क्रोमियम, पण त्याचा थर अतिशय पातळ असतो. लोखंडाचे खरे रक्षण त्याखालचा निकेलचा जाड थर करतो आणि क्रोमियम त्या निकेलला काळवंडू देत नाही. स्वस्तातला मुलामा करणारा निकेलात काटकसर करतो. पहिल्या दिवशी दोन्ही बंपर सारखेच झळाळतात. वर्षाने एकावर तांबूस टिपके उठतात. वरवरच्या कामातही आतले असे एक असते, आणि प्रामाणिकपणा तेथेही लागतो.

मात्र हौसेला एक मर्यादा लोखंडच घालून देते. जुन्या रंगावर चकाकी आणण्याकरिता कंपाउंड चोळतात, तेव्हा जी झळाळी दिसते ती रंगाचा वरचा मेलेला थर खरवडून निघाल्याने दिसते. म्हणजे प्रत्येक पॉलिशागणिक थोडा रंग कमी होतो. कडा आणि उंचवटे आधी उघडे पडतात, आणि खालचा प्रायमर डोकावू लागतो. दर पंधरवड्याला मोटार चमकावणारा माणूस तिच्यावर प्रेम करीत असतो खरा, पण तो तिला हळूहळू खातही असतो. देवाच्या चांदीच्या प्रभावळी वर्षानुवर्षे घासून घासून त्यांवरचे नक्षीकाम गुळगुळीत झालेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांस हे निराळे समजावून सांगणे नको.

देवालयांचा उल्लेख आला, तेव्हा आमच्या वाचकांपैकी जे महाजन आहेत, देवस्थानांच्या समित्यांवर काम करतात, त्यांच्यासाठी आणखी दोन शब्द लिहिणे आम्हांस अवश्य वाटते. वस्तूस लेप देऊन तिचे आयुष्य वाढवावे ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत वज्रलेपाला स्वतंत्र अध्याय दिला आहे. त्यात कच्ची टेंभुर्णीची फळे, कच्ची कवठे, सावरीची फुले यांचा काढा, त्यात गुग्गुळ, राळ, जवस, बेल असे पदार्थ, आणि तो लेप गरम असताना प्रासादांवर व मूर्तींवर लावावा असे सांगितले आहे. हेतू शोभेचा नव्हता, टिकण्याचा होता. अलीकडे मात्र कित्येक ठिकाणी जुन्या जांभ्याच्या भिंतींवर, चुन्याच्या गिलाव्यावर आणि कोरीव पाषाणावर ऑइल पेंटचे थर चढले आहेत. दानशूर भक्त रंगाचे डबे देतो, समिती ते नाकारू शकत नाही, आणि उत्सवापूर्वी देऊळ लखलखते. परंतु चिरा आणि चुना यांचा धर्म लोखंडाहून भिन्न आहे. ते पावसाळ्यात ओल घेतात व उन्हाळ्यात सोडतात. वरून तैलरंग फासला की आत गेलेली ओल बाहेर पडू शकत नाही. तिच्यातले क्षार आतल्या आत साकळतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. जो रंग मोटारीस तारतो तोच देवळाच्या भिंतीस मारतो. म्हणून 'रंग द्यावा की देऊ नये' या प्रश्नास सर्वसाधारण उत्तर नाही. ज्यावर तो द्यावयाचा त्या वस्तूचा स्वभाव आधी विचारावा लागतो, आणि तो न विचारता केलेले दान सद्भावाने केलेले असले तरी अपाय करते.

आता मोटारीकडे परत येऊन त्या दुसऱ्या आक्षेपकाचे ऐकले पाहिजे, जो म्हणतो की नवे रूप दिलेत तर ती ती राहणार नाही. त्याचे बोलणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. आमच्या माहितीतील दोन भावांत याच मुद्द्यावरून वितुष्ट येण्याची वेळ आली होती. वडील निवर्तले, मागे एक पद्मिनी राहिली. थोरल्याच्या मते तिला संपूर्ण नवा रंग द्यावा, चाकांना चकचकीत नवी रिमे लावावीत, स्टिअरिंगला चामड्याचे आवरण घालावे आणि वडिलांच्या वर्षश्राद्धास ती सजवून दारात उभी करावी. धाकट्याच्या मते तिच्या केसालाही धक्का लावू नये. मागच्या डाव्या दारावर एक पोचा होता. देवळाच्या चौकातून मोटार मागे घेताना दीपमाळेच्या ओट्याला लागून तो वडिलांच्याच हातून आला होता, आणि तो काढू न देता ते पुढे कितीतरी वर्षे त्याविषयी विनोद करीत राहिले होते. धाकटा म्हणे, "दादा, तो पोचा काढलास तर बाबा त्या दारातून गेले." थोरला म्हणे, "अरे, बाबांची गाडी दारात सडताना लोकांनी पाहायची का?"

दोघांचाही जिव्हाळा खरा होता. प्रश्न, ज्याला तत्त्वज्ञ तादात्म्याचा प्रश्न म्हणतात, तो होता. मिलिंदपन्ह या पाली ग्रंथात नागसेन भिक्षूने यवन राजा मिलिंदाला नेमका रथाविषयीच विचारला आहे. आपण आलात तो रथ म्हणजे दांडी काय, आस काय, चाके काय, जू काय? राजा प्रत्येकास नाही म्हणतो, आणि शेवटी कबूल करतो की या सर्वांच्या जुळणीस व्यवहारात दिलेले नाव म्हणजे रथ. पाली वाङ्मयाची गोडी महाराष्ट्रास ज्यांनी लावली ते धर्मानंद कोसंबी गोव्यातल्या सांखवाळचे, हे आपल्या वाचकांस अभिमानाने आठवेलच. नैयायिक मात्र नागसेनाशी सहमत होणार नाहीत. त्यांच्या मते अवयवांहून अवयवी निराळा आहे. वस्त्रातले काही तंतू काढले तर जुने वस्त्र नष्ट होते आणि उरलेल्या तंतूंचे दुसरेच एक वस्त्र उत्पन्न होते. हा हिशेब काटेकोरपणे लावला तर पहिले टायर बदलले त्याच दिवशी वडिलांची मोटार संपली होती, आणि धाकटा भाऊ ज्या मोटारीसाठी भांडत होता ती वडील हयात असतानाच अनेकदा नाहीशी होऊन पुन्हा जन्मली होती. असे सिद्ध करून दिले म्हणून धाकट्याचे समाधान झाले असते असे आम्हांस वाटत नाही. तर्क बिनचूक असूनही दुःखाला लागू पडत नाही, असे पुष्कळदा होते.

आपल्या मंदिरांचा आचार या बाबतीत तर्कापेक्षा शहाणा आहे. जगन्नाथपुरीत रथयात्रेचे तीनही रथ दरवर्षी नव्या लाकडाचे घडवतात. एवढेच नव्हे, नवकलेवराच्या वर्षी खुद्द दारुमूर्तीही बदलतात, जसे २०१५ साली झाले. कोणी भक्त म्हणत नाही की जगन्नाथ बदलला. गोव्यातही तसेच. १५६० साली कुशस्थळीहून मंगेशाचे लिंग प्रियोळास नेले गेले तेव्हा देऊळ मागे राहिले आणि देव पुढे गेला. नंतर उभ्या राहिलेल्या वास्तूस मंगेशीच म्हणतात. काय टाकावयाचे आणि काय जिवापाड जपून न्यावयाचे, हे त्या रात्री नदी ओलांडणाऱ्यांना ठाऊक होते. दोघा भावांना ते आपल्या मोटारीपुरते ठरवावयाचे होते.

आम्हांस यात एक भेद उपयोगी वाटतो. मोटारीवर दोन प्रकारची झीज असते. एक ऊनपावसाने आलेली, दुसरी माणसाच्या हाताने आलेली. ऊनपावसाने आलेला गंज हा कोणाच्याही आयुष्याचा इतिहास नव्हे; तो कोणाच्याही मोटारीवर तसाच चढतो. त्याला 'जुनेपणाची शोभा' म्हणून जपणे ही शुद्ध भाबडेपणाची गोष्ट आहे. परंतु स्टिअरिंगच्या चाकावर जेथे एका माणसाचा अंगठा तीस वर्षे टेकला तेथे आलेला गुळगुळीतपणा दुसऱ्या कोणत्याही मोटारीत मिळणार नाही. त्यावर चामडे शिवणे म्हणजे जे एकमेव आहे ते झाकून जे कोठेही विकत मिळते ते पुढे करणे होय. हा भेद सर्वत्र चालत नाही, हेही सांगितले पाहिजे. ब्रेकच्या पायटीवरचे रबर वडिलांच्याच पायाने झिजलेले असते, पण पावसात त्यावरून पाय घसरतो. ते बदललेच पाहिजे. हवे तर जुने रबर देव्हाऱ्याजवळच्या पेटीत ठेवावे. आणि खर्चाचा क्रमही यातूनच ठरतो: ब्रेक, टायर, स्टिअरिंगचे सांधे, पट्टे नसतील तर आसनांचे पट्टे, आणि त्यानंतर रंग. नातवंडे जीत बसणार तिला आधी रंग आणि मग ब्रेक, हा क्रम आम्हांस अधर्माचा वाटतो.

हौसेच्या यादीतली एक वस्तू तर उघड उपद्रवाची आहे. जुन्या बल्बसाठी घडवलेल्या दिव्याच्या वाटीत पांढरेशुभ्र एलईडी दिवे बसवण्याची टूम निघाली आहे. त्या वाटीचा आकार त्या प्रकाशाला वळण लावू शकत नाही. तो वाटेल तसा फाकतो आणि अरुंद रस्त्यावर समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत भरतो. आपली मोटार देखणी व्हावी म्हणून समोरच्या स्कूटरवाल्यास क्षणभर आंधळे करणे, हे अलंकारात मोडत नाही.

सरकारनेही जुन्या मोटारींच्या स्वरूपाचा विचार केला आहे. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल होऊन पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या आणि शरीर, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेल्या वाहनांस 'व्हिंटेज' म्हणून नोंदवण्याची सोय झाली. म्हणजे १९७४ च्या पहिल्या पद्मिनींनी हा उंबरठा २०२४ साली ओलांडला. पण अशी नोंद झालेली मोटार रोजच्या कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती, इंधन यांपुरतीच तिला मोकळीक. याउलट मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सींनी मूळ रूपाची पर्वा कधी केली नाही. आतले कापड फुलाफुलांचे, छत रंगीबेरंगी, दिवे भलतेच. आणि वीस वर्षांची मुदत संपेपर्यंत त्या राबत राहिल्या. ऑक्टोबर २०२३ अखेर त्यांतली शेवटची रस्त्यावरून गेली. आपल्या देवळांत मूळमूर्ती गर्भगृहातून हलत नाही आणि उत्सवमूर्ती पालखीतून गावभर धूळ खात फिरते. पहिली अचल राहते म्हणून दुसरी कमी पवित्र ठरत नाही. मोटारधन्याने आपणांस कोणती हवी ते आधी ठरवावे. गर्भगृहातली पाहिजे आणि वरातीलाही न्यायची, असे दोन्ही कायदा देत नाही आणि पत्राही देत नाही.

त्या दोन भावांचे भांडण शेवटी एका वयस्क पत्राकारागिराने मिटवले. तत्त्वज्ञानाचा त्याला गंध नव्हता. त्याने जॅक लावून मोटार उचलली, दाराखालच्या पट्टीत पेचकस टोचला, आणि तो मुठीपर्यंत आत गेला. "हे बघा," एवढेच तो बोलला. थोरल्याची रिमे त्या क्षणी बारगळली; तो सारा पैसा खालच्या पत्र्याकडे गेला. कापलेल्या प्रत्येक भागाचे, सांधण्यापूर्वीचे आणि सांधल्यानंतरचे, छायाचित्र काढून ते डॅशबोर्डच्या कप्प्यात पाकिटात ठेवण्याची त्या कारागिराची रीत आहे. पुढे कधी मोटार परक्याच्या हाती गेलीच तर त्याने आधी ते पाकीट उघडावे, असे तो सांगतो. अशाने किंमत उतरते हे त्यास ठाऊक आहे. रंग मूळचाच, फिकट राखाडी, देण्याचे ठरले. स्टिअरिंगला आवरण घातले गेले नाही.

राहिला तो पोचा. त्याच्या घडीत रंग तडकून उघडा पत्रा दिसत होता, आणि तेथे पावसाळ्यात गंज चढणार हे नक्की. कारागीर म्हणाला, पोचा तसाच राहू द्या, पण तडकीत मला प्रायमर भरू द्या. धाकट्याने थोडा वेळ विचार करून होकार दिला. बाकीची मोटार फवाऱ्याने रंगवली. तेवढी जागा कारागिराने लहान कुंचल्याने हातांनी भरली. त्यामुळे तेथील छटा किंचित निराळी उतरली आहे, आणि उन्हात दार उघडले की ती दिसते.